मोदकांचा ठराव

ॲडलेडच्या मॉसन लेक्स उपनगरातल्या आमच्या गणपतीचे मोदक हॉलच्या स्वयंपाकघरातच वळले जातात. सकाळी आम्ही बायका जमतो. कुणाची उकड चिकटते, कुणाच्या कळ्या पडत नाहीत, आणि सासूपासून व्हिसापर्यंत सगळं बोलून होतं. मला सख्खी बहीण नाही. इथे आल्यावर बहिणी मिळाल्या त्या या ओट्यापाशी, त्यामुळे ही सकाळ मला आरतीइतकीच प्यारी आहे.

एका वर्षी मंडळाच्या अध्यक्षाने ती सकाळच मोडीत काढायचं ठरवलं. अध्यक्ष म्हणजे नवऱ्याचा पुण्याचा कॉलेजमित्र, आयटीत मॅनेजर. हॉल, जेवण, नाटक, सगळं एकट्या अध्यक्षाने ठरवावं असा ठराव तो सभेत आणणार होता. सगळ्यांना विचारत बसलो तर गणपती दिवाळीत बसवावा लागेल, असं त्याचं म्हणणं. मोदक तो सिडनीच्या हॅरिस पार्कहून फ्रोझन मागवणार होता. माणूस सोन्यासारखा, एकटा राबणारा. बाकीच्यांचा तर सुंठीवाचून खोकला जात होता, त्यांची चंगळच. मी एकटीच धुमसत होते.

माझी मुलगी युनिव्हर्सिटीत इतिहास शिकते. तेव्हा ती अमेरिका घडवणाऱ्या पहिल्या पुढाऱ्यांवर निबंध लिहीत होती आणि मी शेजारी भांडी आपटत होते. इंग्लंडच्या राजाला तर हाकललं होतं, मग आपल्याच माणसांच्या सरकारची कसली भीती, असं मी विचारलं. ती म्हणाली, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना वाटायचं की एकाच ठिकाणी सत्ता दिली तर आपण घरचाच राजा तयार करू. म्हणून भांडभांड भांडून त्यांनी ती वाटून टाकली, आणि सरकारने कशात हात घालायचा नाही तेही लिहून घेतलं. यातले कितीतरी जण स्वतः गुलाम बाळगून होते, हेही तिने सांगितलं. फक्त स्वतःच्याच स्वातंत्र्याला जपणारे, म्हणजे आपल्यासारखेच, असं माझ्या मनात आलं.

"पण आई," ती म्हणाली, "पहिला माणूस चांगलाच असतो गं. प्रॉब्लेम नेक्स्ट वनचा असतो."

सभेत मी उभी राहिले.

"तू चांगला आहेस, प्रश्न तो नाहीच," मी अध्यक्षाला म्हटलं. "तुझ्यानंतर त्या खुर्चीत कोण बसेल, ते तुला तरी माहीत आहे का?"

त्याला ते लागलं. शेवटी कामं वाटली गेली, आणि नैवेद्याचं काय ते मोदक वळणारेच ठरवतील, असा ठराव झाला. तो मात्र बरेच दिवस फुगून होता.

यंदा अध्यक्ष बदलला. नवा तरुण आहे, चटपटीत. आल्या आल्या त्याने ग्रुपवर टाकलं की मोदक बाहेरून येतील, स्वयंपाकघर बंद. मी चिडून टाइप करत होते, तेवढ्यात जुन्या अध्यक्षाचं उत्तर आलं: "मोदक अध्यक्षाच्या हातात नाहीत. ठराव वाच."

चतुर्थीच्या सकाळी जुना अध्यक्ष स्वतःच एप्रन बांधून हजर झाला. रिटायर झाल्यापासून घरात करमत नाही, असं त्याची बायको सांगत होती. त्याच्या मोदकांना कळ्या कमी आणि पोट जास्त. आम्ही मनसोक्त हसलो, तोही हसला. मग खालमानेने वळता वळता मला म्हणाला, "तेव्हा तू अडवलंस, म्हणून आज मला इथे बसायला जागा आहे."

मी त्याचा फुटलेला मोदक घेतला आणि उकडीचं ठिगळ लावून त्याला परत दिला.