जकातनाका मॅडम

आमच्या मॅडमनी कुणाला "या, बसा" म्हटलेलं मी कधी ऐकलं नाही. त्यांना रस फक्त जाणाऱ्यांत. भाईंदर पश्चिमेला, स्टेशनजवळच्या मिठाईच्या दुकानावर दुसऱ्या मजल्यावर आमचं ऑफिस, आणि तिथल्या आठ जणांची मानगूट या बाईच्या मुठीत. पाठीमागे आम्ही त्यांना जकातनाका म्हणायचो. दहिसरचा नाका कधीच उठला, आमचा मात्र जोरात चालू होता. नाव मीच ठेवलं होतं आणि ते आठवड्याभरात त्यांच्या कानावर गेलं. "नाव बरंय," एवढंच म्हणाल्या आणि त्या दिवशी माझा रिपोर्ट तीनदा परत पाठवला.

आमची वेबसाइट म्हणजे लग्नाचे हॉल, केटरर, मेंदीवाल्या यांची यादी. प्रत्येकाबद्दल चार परिच्छेद मजकूर आणि त्यातच त्यांच्या स्वतःच्या साइटची लिंक. वाचणाऱ्यानं त्या लिंकवर क्लिक करून आमच्याकडून निघून जायचं, की आमचं काम फत्ते. असा प्रत्येक बाहेर नेणारा क्लिक एक सॉफ्टवेअर मोजायचं आणि ते सॉफ्टवेअर मी सांभाळायचो. पहिल्याच महिन्यात मी ऐटीत सांगितलं, "मॅडम, या आठवड्यात साइटवर डबल लोक आले!" त्यांनी मला सगळ्यांसमोर उभं केलं. "आत कुणीही येतं रे. उन्हातनं आलेला माणूस पंख्याखाली बसायलाही येतो. बाहेर कुठल्या दारानं गेला ते सांग, नाहीतर बस खाली."

दर सोमवारी पाण्याच्या फिल्टरशेजारी भिंतीवर एक कागद लागायचा. लिहिणाऱ्याचं नाव आणि त्याच्या लिंकवर किती जणांनी क्लिक केलं तो आकडा. घसा कोरडा पडला तरी अकरा वाजेपर्यंत कुणी पाणी प्यायला उठायचं नाही. मेंदीवाल्यांवर लिहिणारी प्राची एकदा तिथेच रडली. मॅडम शेजारी उभ्या राहून ग्लास भरत म्हणाल्या, "रडून झालं की ती लिंक वर घे. पानाच्या तळाला ठेवलीयेस, तिथवर तुझी आईसुद्धा जाणार नाही." प्राचीनं शिव्या घालत लिंक वर घेतली आणि पुढच्या सोमवारी तिचा आकडा तिप्पट झाला. बाईंचा राग यायचा तो याच कारणानं, दर वेळी त्याच बरोबर निघायच्या.

मॅडम मूळच्या जवळच्याच मुर्धा गावच्या, मासेमारी करणाऱ्या घरातल्या. एरवी एकदम ऑफिसचं मराठी, पण संतापल्या की "न्हाय" बाहेर पडायचं. आमच्या बिल्डिंगमध्ये मच्छी आणायला मनाई होती, म्हणून त्या दुपारी खाली उतरून रिक्षास्टँडमागे उभ्यानं जवळा आणि भाकरी खायच्या. कधीतरी मलाही खाली बोलवायच्या आणि अर्धी भाकरी माझ्या हातावर ठेवायच्या. कँटीनच्या बेचव डब्यावर जगणारा मी, ती भाकरी अजून विसरलेलो नाही. तिथेच एकदा त्यांनी सांगितलं होतं, "कुणाच्या नावापुढं शून्य दिसलं ना, आधी मशीनवर संशय घ्यायचा. मग माणसावर."

हा नियम त्यांनी एकदाच मोडला.

तावडेकाका आमच्यात सगळ्यांत वयस्कर. गिरगावातल्या छापखान्यात आयुष्यभर प्रुफं तपासली, छापखाना बंद पडला तसे भाईंदरला राहायला आले आणि पंचावन्नाव्या वर्षी आमच्याकडे लागले. त्यांच्याकडे गोडदेवच्या एका हॉलचं पान होतं. त्यांनी लिहिलं होतं, की वधूच्या खोलीतला आरसा खिडकीसमोर आहे, त्यामुळे लाइट गेली तरी नवरीला साडी नीट नेसता येते. स्वतः जाऊन बघून आले होते! आणि त्या पानाच्या लिंकपुढे सलग तीन सोमवार शून्य लागलं.

तिसऱ्या सोमवारी मॅडमनी सगळ्यांना गोळा केलं आणि ते पान मोठ्यानं वाचलं. "आरसा! तावडे, आरसा बघून हॉल कोण बुक करतं हो? तुमचं वाचून माणूस बाहेर जात नाही, आडवा होतो."

काका हळूच म्हणाले, "मॅडम, शून्य कसं येईल? लिंक चालते का बघायला मी स्वतः रोज सकाळी एकदा दाबतो."

"म्हणजे चोरी करूनही शून्यच?"

सगळे हसले. मीही हसलो, चांगला खिदळलो. मग मॅडमनी त्याच आवाजात त्यांना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं.

काकांनी शब्दकोश, चष्म्याचं घर आणि पाठीमागची उशी पिशवीत भरली. जाताना माझ्या टेबलाशी थांबले. "नितीन, सवड झाली तर एकदा आतून बघशील का रे? माझं सोड. पण रोज एक तरी यायला हवा होता."

ते जिना उतरत असतानाच माझ्या लक्षात आलं. खरंच की, रोज एक तरी यायला हवा होता. मी सॉफ्टवेअर उघडलं आणि दहा मिनिटांत माझीच घाण सापडली. त्यात एक यादी असते, 'आपल्या' साइटची. आपल्याच दोन साइटमध्ये ये-जा करणारा माणूस दोनदा मोजला जाऊ नये म्हणून. गोडदेवच्या हॉलची साइट आम्हीच बनवून दिली होती, म्हणून मी शहाणपणानं तिलाही त्या यादीत घातलं होतं. एकदा आपली म्हटली, की तिकडे जाणारा माणूस बाहेर गेला असं सॉफ्टवेअर धरतच नाही. काकांच्या पानावरून माणसं रोज जात होती, फक्त मोजली जात नव्हती. दुसऱ्या एका नोंदीवरून मी हिशेब लावला. त्यांचा आकडा ऑफिसात सगळ्यांत वर होता.

मी मॅडमच्या केबिनमध्ये जाऊन सगळं ओकलो. "दुसऱ्या कुणाचं मशीन मी तपासल्याशिवाय सोडलं नसतं," त्या म्हणाल्या. "तू लावलंस म्हणून न्हाय तपासलं." मग आवाज एकदम खाली आला. "मालकाला एक माणूस कमी करायचाच होता. तू बाहेर जाऊन सांगितलंस तर तू जाशील. बोल, सांगतोस?"

माझी नोकरी पक्की व्हायची होती आणि लग्न दोन महिन्यांवर आलं होतं. मी "नाही" म्हटलं. ते म्हणायला मला फारसा वेळही लागला नाही, हे सांगायची आजही लाज वाटते.

"मग दुरुस्त कर आणि घरी जा."

पुढच्या सोमवारच्या कागदावर पहिल्या ओळीत सगळ्यांत मोठा आकडा होता आणि नावाची जागा कोरी. प्रिंटरनं नाव खाल्लं, असं सगळे म्हणाले.

त्यानंतर चार वर्षं मी त्यांच्या हाताखाली काढली. मला जे काही येतं ते त्यांनीच टोचून टोचून शिकवलं, आणि जीव लावला असं म्हणायला हवं, पण त्यांना ते आवडलं नसतं. मग मालकानं आपोआप रिपोर्ट काढणारं नवं पॅकेज घेतलं आणि एका मंगळवारी मॅडमना सांगितलं, उद्यापासून येऊ नका. भिंतीवरचा कागद त्यांनी स्वतःच्या हातानं काढला, घडी घालून पर्समध्ये ठेवला. मी पिशवी घेऊन रिक्षापर्यंत गेलो.

रिक्षात बसल्यावर त्या म्हणाल्या, "तावड्यांना काढलं ना, त्याच आठवड्यातल्या रविवारी मी त्यांच्या घरी गेले होते."

मी रिक्षाचा दांडा धरून आत वाकलो.

"चूक ऑफिसची, परत या म्हटलं. नाही म्हणाले. ते शून्य सगळ्यांनी वाचलंय, आता त्या फिल्टरचं पाणी घशाखाली उतरायचं न्हाय म्हणाले."

"आणि माझं नाव?"

"मी न्हाय घेतलं. त्यांनीच काढलं. म्हणाले, नितीनला बघायला सांगितलं होतं, त्यानंच शोधलं असणार. तुमच्याशी भांडला असेल पोरगा, म्हणून तुम्ही आलात. त्याला माझा आशीर्वाद सांगा." त्यांनी पिशवी मांडीवर ओढून घेतली. "चार वर्षं सांगितला न्हवता. आता घे." आणि रिक्षावाल्याला म्हणाल्या, "चलो भैया, मुर्धा."

आता त्यांच्या खुर्चीवर मी बसतो. गोडदेवच्या हॉलचं ते आरशाचं पान अजून तसंच आहे आणि अजूनही सगळ्यांत जास्त माणसं त्याच लिंकवरून जातात. तावडेकाका माझ्या बिल्डिंगपासून चालत दहा मिनिटांवर राहतात. मी बाजारात जाताना पलीकडच्या गल्लीनं जातो.