वजनकाट्यावरची बबिता

घाटंजीच्या आमच्या जिनिंगात, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, वजनकाट्याच्या खोलीत बबिता राठोड बसते. मी कापसाची प्रत पाहतो, ती वजन पाहते, त्यामुळे आमचं रोज खटकतं. जवळच्या बंजारा तांड्यावरून ती स्कुटीनं येते. नवरा सुनील ट्रकवर. महिन्यातून कधीतरी उगवतो. पोरं आणि सासू रामीबाई यांचं घर हिच्याच पगारावर चालतं. एवढं असून बाई कुणापुढे वाकत नाही. मला ते कधीकधी जड जातं.

गेल्या हंगामात, ऐन गर्दीत, काट्याच्या कॉम्प्युटरनं डोकं फिरवलं. वजन व्हायचं, पण ते ऑफिसात पोचायचं नाही, म्हणून पावती निघायची नाही. मध्येच चालायचा, पण मग ऑफिसचा कॉम्प्युटर बंद पडायचा. कापसाच्या गाड्यांची रांग गेटाबाहेर गेली. शेठ तणतणत आले आणि उघड्या खिडकीशी उभं राहून सगळ्या गाडीवाल्यांसमोर तिच्यावर ओरडले, "दिवसभर मोबाईल चार्जिंगले लावून ठेवते त्याले! काय करून ठेवलं? उद्यापासून घरी बस."

"म्या काईच नाही केलं, शेठ," बबिता म्हणाली. कुणी ऐकून घेतलं नाही.

मग अब्रारला बोलावलं. जळालेल्या मोटारींचं वाइंडिंग भरून देणाऱ्या मन्सूर मिस्त्रींचा हा मुलगा कॉम्प्युटर दुरुस्त करतो. आदल्याच दिवशी त्यानं दोन्ही कॉम्प्युटरांच्या नेटवर्क कार्डांचं फर्मवेअर, म्हणजे कार्डातच बसवलेला प्रोग्रॅम, अपडेट केलं होतं. त्यानं वायर बदलली, कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर पुन्हा टाकलं. काही फरक नाही. शेवटी वैतागून ऑफिसची वायर उपटली, तर काटा ठणठणीत! वायर लावली की पुन्हा तेच. अब्रारनं दोन्हीकडे कार्डाचा पत्ता काढून पाहिला. प्रत्येक कार्डाला कारखान्यातूनच स्वतःचा वेगळा पत्ता मिळतो. इथे दोन्हींचा एकच. एका पत्त्यावर दोन घरं असली तर टपाल जाणार कुठे?

"माहीच चूक हाय," तो म्हणाला. "ऑफिसच्या कार्डातली फाईल काढली अन् पेनड्राईव्हनं इथंबी तेच चढोली. पत्ताबी तिच्यासंगं आला."

त्यानं काट्याच्या कॉम्प्युटरचं झाकण उघडलं, कार्डावरच्या चिकटपट्टीवर छापलेला मूळ पत्ता पाहून तोच कार्डात परत टाकला आणि मशीन बंद करून चालू केलं. पावती निघाली.

शेठ हसले. "होते रे असं, अब्रार. माणूस हाय तू. चहा घे." मग बबिताकडे वळून म्हणाले, "चाल, काट्यावर बस."

मला शेठचा खरंच राग आला. पण बोलली बबिताच.

"त्याच्या हातून झालं तं चहा. माह्यावर नुसता संशय आला तं घरी बस?"

"अवं, मिटलं ना आता."

"नाही मिटलं. तुमी मले गाडीवाल्यांसमोर बोलले. आमच्या तांड्यात चारचौघांत बोट दाखोलं तं चारचौघांतच मांगं घ्या लागते. तवरिक मी काट्याले हात लावत नाही."

बाहेर हॉर्न वाजू लागले. शेठनी माझ्याकडे पाहिलं. मी मुद्दाम हातातला कापूस पिंजत राहिलो. अखेर ते खिडकीशी गेले, घसा खाकरला आणि पुटपुटले, "बबिताची काई चूक नोती."

"ऐकू नाही आलं, शेठ!" मागचा एक गाडीवाला ओरडला.

शेठना पुन्हा, मोठ्यानं बोलावं लागलं.