बाबांनी खाली उतरवलेला जवान

माझ्या बाबांनी एका जखमी जवानाला हेलिकॉप्टरमधून खाली उतरवलं होतं.

हे मला आजच लिहायचं आहे.

सकाळी साडेसहाला बाबा गेले. दुपारी सगळं आटोपलं. खाली पाहुणे बसलेत आणि हळू आवाजात बोलून राहिलेत, "भाऊंचा स्वभाव जरा तुटकच होता."

तुटक नव्हते ते. थकलेले होते.

बाबा, मधुकर ढोबळे, एअर फोर्समध्ये हेलिकॉप्टरवर फ्लाइट इंजिनियर होते. लढाईतले जखमी आणायचे, पुरातली माणसं काढायची, ही त्यांची ड्यूटी.
रिटायर होऊन रायपूरला आले तेव्हा छत्तीसगड नवीनच झालं होतं. चौबे कॉलोनीत घर घेतलं. उरला या कारखान्यांच्या भागात एका रोलिंग मिलमध्ये सेफ्टी सुपरवायझर म्हणून लागले.

राजधानी झाल्यावर आमच्या डोक्यावरून हेलिकॉप्टरं वाढली. नेत्यांची वेगळी, जखमींची वेगळी.
बाबांना आवाजावरून फरक कळायचा.

जेवता जेवता उठायचे, गच्चीवर जायचे.
"बस्तरकडून येऊन राहिलं. जखमी आहेत त्यात."
आई म्हणायची, "अहो, ताट तर संपवा."
ते हात धुवून टाकायचे. मग दिवसभर बोलणं बंद.

मी कॉलेजात असताना एकदा चिडले. "बाबा, तुमची नोकरी संपली आता."
"नोकरी संपली न बेटा," एवढंच म्हणाले.

मग आई गेली. घरात आम्ही दोघंच उरलो.

सात-आठ वर्षांपूर्वी इनामदार साहेबांचा फोन आला. बाबांचे जुने पायलट, नाशिकचे. रायपुरातच, तेलीबांध्याला एका लग्नाला आले होते.
बाबा मला म्हणाले, "त्यांले सांग, मी घरी नाही."
तोवर साहेब गेटपाशी पोचले होते.

अर्धा तास दोघं गुडघे आणि शुगरबद्दल बोलले. मी चहा दिला.
मग साहेबांनी विचारलं, "ढोबळे, अजून दिसतो का तो?"

बाबांनी कप खाली ठेवला.
"रोज नाही साहेब. पण दिसते."

मी उठायला लागले तर साहेब म्हणाले, "बस बेटा. घरच्यांना माहीत असायला हवं."

साहेब सांगू लागले. श्रीलंकेत आपली फौज होती तेव्हाची गोष्ट. एका शेतात जखमी उचलायला हे दोघं उतरले. गोळीबार चालू होता. ठरल्यापेक्षा जास्त जखमी आत आले. हेलिकॉप्टर वर उठेना, आणि समोर ताडाची झाडं.
साहेबांनी इंटरकॉमवर सांगितलं, एक कमी करा.
कोण, ते बाबांनी ठरवायचं होतं.

बाकीचे सगळे आडवे होते. एक बसू शकत होता. पायाला गोळी, वय असेल बावीस.
बाबांनी त्याला धरून खाली उतरवलं, त्याच्या तुकडीतल्या लोकांजवळ बसवलं.

"तो म्हणे, वापस आओगे ना," बाबा म्हणाले. "मी हव म्हटलं. वीस मिनिटांत येतो म्हटलं."

अडीच तास लागले. टाकीला गोळी लागली होती, दुसरं हेलिकॉप्टर घ्यावं लागलं. तोवर तो गेला होता.

"उतरवा म्हणालो मी," साहेब म्हणाले. "इतकी वर्षं मी हे माझंच समजत होतो, ढोबळे."

"हुकूम तुमचा होता साहेब. पण हात माहे होते न."



मग साहेबांनी विचारलं, "आणि पुरात काय केलंत, ते सांगितलंत पोरीला?"
साहेबांनीच सांगितलं.

त्यानंतर दोन वर्षांनी. पूर आलेला, शाळेच्या छतावर अडकलेली माणसं. पुन्हा हेलिकॉप्टर भरलं, आणि एक म्हातारी बाई राहिली. साहेब म्हणाले, हिला पुढच्या फेरीत घेऊ.
बाबांनी स्वतःचा बेल्ट सोडला, बाईला आपल्या जागी बसवलं आणि छतावर उतरले. कोणाला विचारलंसुद्धा नाही.
तीन तास एकटे तिथे.

"लई रागावले होते तुम्ही," बाबा म्हणाले.
"रागावलो. तुमच्यावर लेखी ताकीद काढली, सही केली, आणि घरी जाऊन रडलो."

मला वाटलं, आता बाबा मोकळे होतील.
तसं काही झालं नाही. आवाज आला की उठायचेच. फक्त आता मीही सोबत गच्चीवर जायचे, आणि ते थोडं बोलायचे. त्या पोराला मिसरूड नुकतीच फुटली होती, असं एकदा म्हणाले. त्याचं नाव त्यांना कधी कळलं नाही.

एकदा मी विचारून बसले, "बाबा, तेव्हाही तुम्हीच का नाही उतरलात?"

विचारलं आणि जीभ चावली.

ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "सुचलंच नाही बेटा. तेव्हा मले सुचलंच नाही."

मी आजवर ऐकलेली सगळ्यात थकलेली दोन वाक्यं.

त्या पुराच्या छतावर ते कशासाठी उतरले होते, ते मला त्या दिवशी कळलं. आणि ते उतरणं त्यांना कधीच पुरलं नाही, हेही.

शेवटचे दोन महिने फुप्फुसांनी छळलं. तक्रार नाही. दवाखान्यात नर्स सुई टोचायला आली की म्हणायचे, "दीदी, आधी बाजूवाल्याले पाहा."

आज सकाळी इनामदार साहेबांना फोन केला.
ते म्हणाले, "मी येतो."
मी म्हटलं, "साहेब, एवढ्या लांब नका येऊ. तुमचे गुडघे..."
"गाडी पाहतोय बेटा. उद्या निघतो."

बाबा, तुम्ही खूप थकला होतात.
झोपा आता. कोणीच तुम्हाला उठवणार नाही.

तुमच्या पोट्टीचा शेवटचा नमस्कार.