मागे बसणारे मामा

गेल्या चाळीस वर्षांत जबलपुरात जे जे मोठे गवई येऊन गाऊन गेले, त्यांची पाठ आमच्या मामांइतकी दुसऱ्या कोणीही पाहिलेली नाही. हे मामा म्हणजे माझ्या बायकोचे सख्खे मामा. फॅक्टरीच्या स्टोअरमध्ये त्यांनी आयुष्यभर नोकरी केली आणि संध्याकाळी गावात जो कलावंत उतरला असेल त्याच्या मागे बसून तानपुरा वाजवला. कलावंत आपला तबलजी बरोबर आणत, पेटीवाला आणत. तानपुऱ्याला मात्र गावातलाच माणूस घ्यायचा असा सगळीकडचा रिवाज. जबलपुरात तो माणूस मामा. त्यामुळे कोणाचा कुर्ता मानेपाशी विरला होता, तार षड्ज लावताना कोणाचा उजवा खांदा आधी उचलला जाई, कोणत्या बाई सम आली की पाठ ताठ करत, हे सगळं मामांना तोंडपाठ. तोंडं मात्र पाठ नाहीत. एकदा स्टेशनावर एक नामांकित गवई समोरून चालत आले आणि मामांनी त्यांनाच विचारलं, "भैया, इटारसीवाली गाडी कौन-से प्लॅटफॉर्म पर है?" ते हात हलवून पुढे गेले. त्यांची पाठ दिसली मात्र, मामा पिशवी टाकून धावले आणि भर गर्दीत त्यांच्या पाया पडले.

मागे बसण्याची ही सवय मामांच्या अंगात इतकी मुरली आहे की ते कुठेही पुढे बसत नाहीत. लग्नाच्या पंगतीत शेवटच्या ओळीत, स्कूटरवर मागच्या सीटवर, आणि रस्त्याने आपल्याबरोबर चालत असतील तर आपल्याला सतत मान वळवून बोलावं लागतं. स्वतःच्या लग्नाच्या फोटोतही ते मामींच्या मागे अर्धे झाकलेले आहेत. अपवाद एकच, ऑटो. ऑटोत मागच्या सीटवर तानपुरा बसतो, म्हणून मामा ड्रायव्हरच्या शेजारी. तानपुऱ्याची गवसणी मामींच्या लग्नातल्या शालूची आहे. मामी पाहुण्यांना चहा देता देता सांगतात, "शालू मी एक डाव नेसले. तानपुरा तीस वर्षं नेसून राहिला." मामा गवसणीची नाडी तेवढी नीट बांधतात.

त्यांच्याकडे एक जाडजूड आल्बम आहे. त्यात मैफिलींच्या बातम्यांची कात्रणं चिकटवलेली. प्रत्येक फोटोत मधोमध कलावंत, आणि वर्तमानपत्रवाल्यांनी कडा कापताना मामांचं जे काही उरलं असेल ते. "हा कोपर माझा," मामा बोट ठेवून दाखवतात. "हा गुडघा. इथे भोपळा दिसतो ना, त्याच्या मागे मी." एका कात्रणात तर फक्त कान आला आहे, आणि तो मामांचा की दुसऱ्या बाजूच्या तानपुरेवाल्याचा यावर घरात दोन पक्ष आहेत. पण मामांच्या आवाजात तक्रार कधीच नसते. "आम्ही मागचे लोक," ते म्हणतात आणि पान उलटतात.

दीक्षितपुऱ्यातल्या त्यांच्या दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत दर रविवारी सकाळी एक बैठक भरते. वाद्यं असतात, पण ती फक्त सुरात मिळवली जातात. खरा कार्यक्रम पोहे, जिलबी आणि किस्से. मोठ्या माणसाशी आपली गाठ कशी पडली, हे ज्याने त्याने सांगायचं. किस्सा शंभरदा ऐकलेला असला तरी "अच्छा, फिर?" असं पहिल्यांदा ऐकल्यासारखं म्हणायचं आणि शंका काढायची ती किस्सा संपल्यावर, हा तिथला नियम. मझौलीहून बसने येणारे पेटीमास्तर आहेत. त्यांची पेटी एका गझल गायकाने अर्धा तास उसनी घेतली होती, तेव्हापासून मास्तर तिचा भाता पुसत नाहीत. दुसरे भैयाजी, तबलजी, आवाजाने आणि देहाने भारदस्त. त्यांच्याकडून एका थोर उस्तादांनी हाताला लावायला पावडर मागून घेतली होती. तो डबा भैयाजींच्या घरी काचेच्या कपाटात आहे, आणि त्यात अजून पाव डबा पावडर आहे, हेही ते प्रत्येक वेळी सांगतात.

मामांचा किस्सा एकच. मी कॉलेजात होतो तेव्हाची गोष्ट. देशभर नाव असलेल्या एक गायिका आल्या होत्या. त्यांचा तबलजी ऐन वेळी तापाने आडवा झाला म्हणून भैयाजींना बसवलं, आणि मागे उजव्या बाजूला मामा. यमन रंगात आला असताना बाई थांबल्या, उजव्या खांद्यावरून मागे वळल्या आणि म्हणाल्या, "वाह, भाई." एवढाच किस्सा. पण बाईंच्या उजव्या हाताला भैयाजी होते आणि त्यांच्याही मागे मामा, म्हणून ही वाहवा नक्की कोणाची यावर तीस वर्षं वाद चालू आहे. पोह्याची बशी म्हणजे बाई, चटणीची वाटी म्हणजे तबला आणि लिंबाची फोड म्हणजे मामा, अशी मांडणी करून भैयाजी सांगत, "देखिए, गर्दन घूमी पैंतालीस डिग्री. आप तक पहुँचने के लिए नब्बे चाहिए थी." मामा लिंबाची फोड थोडी पुढे सरकवत आणि म्हणत, "मी इथे होतो, भैयाजी. तुम्ही मला मागे ढकलून राहिले." फोड मागेपुढे होत होत शेवटी कोणाच्या तरी पोह्यावर पिळली जाई.

हा वाद असाच चालत राहता तर बरं होतं. पण गेली पाच-सहा वर्षं कलावंत मोबाईलमध्येच तानपुरा घेऊन येऊ लागले आणि मामांना बोलावणं येईनासं झालं. शेवटच्या वेळी संयोजकांनी त्यांना मानाने पहिल्या रांगेत बसवलं. "दादा, अब आप सामने बैठकर सुनिए," असं म्हणाले. मामांनी दहा मिनिटं चुळबुळ केली आणि मग उठून स्टेजच्या पडद्यामागे खुर्चीवर जाऊन बसले. घरी आल्यावर मला म्हणाले, "समोरून गाणं ओळखीचं नाही वाटत, जावईबापू." मला तेव्हा हसू आलं होतं. आता ते आठवलं की वाईट वाटतं. त्यांच्याजवळ नाव म्हणावं असं त्या दोन शब्दांपलीकडे काहीच नव्हतं, आणि तेही अर्धे भैयाजींच्या ताब्यात होते.

अशात गेल्या थंडीत माझ्या वडिलांची ट्रंक आवरताना मला एक कॅसेट सापडली. वडील त्या कार्यक्रमाच्या समितीचे सचिव होते. कॅसेटवर त्यांच्या अक्षरात बाईंचं नाव आणि खाली 'यमन'. मी उतावळेपणाने रविवारी ही बातमी सांगून टाकली. पेटीमास्तरांनी तर टाळ्याच वाजवल्या. भैयाजी म्हणाले, "चलो, अब फ़ैसला हो जाएगा." पुढच्या रविवारी सगळ्यांनी मिळून ऐकायचं ठरलं, आणि तोवर मी ती कॅसेट दुकानात नेऊन मोबाईलवर उतरवून घेतली.

शुक्रवारी संध्याकाळी मामा एकटेच आमच्याकडे आले आणि दाराजवळच्या, म्हणजे सगळ्यात मागच्या खुर्चीवर बसले.

"तुम्ही ऐकली का आधी?"

"नाही मामा. सगळ्यांबरोबरच ऐकीन."

"खरं सांगू का? सांगून सांगून ते माझ्या कानात पक्कं बसलं आहे. आता बाई बोलल्या ते आठवते, की मी सांगतो ते आठवते, काहीच समजून नाही राहिलं. बाई बोलल्याच नसतील तर?"

मी म्हटलं, कॅसेट खराब निघाली असं सांगतो. त्यांनी होकाराची मान हलवली, चहा घेतला, निरोप घेतला आणि दोन पायऱ्या उतरून परत वर आले. "नको. वाजवा तुम्ही," ते म्हणाले. "भैयाजींचंही आहे ना त्यात. त्यांचं असलं तर मी काहून दाबून ठेवू?"

रविवारी जिलबीला कोणी हात लावला नाही. मी मोबाईल स्पीकरला जोडला आणि सुरू केला. खोलीत आला तो तानपुरा. एवढा मोठा, एवढा जवळ, की मास्तर दचकले. वडिलांनी टेपरेकॉर्डर स्टेजच्या मागे ठेवला होता, कारण विजेचा प्लग तिथेच होता आणि वायर आखूड. म्हणजे मामांच्या मांडीला लागून. बाईंचा आवाज शेजारच्या घरातून यावा तसा येत होता आणि तबला तर खालच्या मजल्यावर कोणी दार ठोठावत असल्यासारखा. भैयाजींचा चेहरा उतरला. मामांनी डोळे मिटले आणि थोड्या वेळाने एवढंच म्हणाले, "टेप धावून राहिली. बाई काळी चारला गायच्या, ही अर्धा सूर वर, पांढरी सहाकडे चालली."

पंचेचाळीस मिनिटं आम्ही त्या दोन शब्दांची वाट पाहिली. यमन ऐन भरात आला, भैयाजी पुढे सरकून बसले, आणि खट् करून कॅसेटची बाजू संपली. दुसऱ्या बाजूला गाणं नव्हतंच. ती बाजू माझ्या वडिलांनी स्वतःच्या आभारप्रदर्शनासाठी राखून ठेवली होती. अकरा मिनिटं ते बोलले. पेटीवाल्यांचे आभार, तबल्यावर आयत्या वेळी साथ करणाऱ्या भैयाजींचे आभार, मंडपवाल्यांचे, माइकवाल्यांचे, पाण्याचे माठ भरून ठेवणाऱ्या गृहस्थांचे आभार. तानपुऱ्याचं नावही नाही. मला जमिनीत शिरावंसं वाटलं. मामा मात्र हसले. "तुमच्या वडिलांची काही चूक नाही, जावईबापू. आम्ही मागचे लोक."

मग ते आपणहून, अगदी हळू, म्हणाले, "बत्तिसाव्या मिनिटाला पंचम उतरला होता. कोणाला समजलं नाही काहून?"

कोणाला समजलं नव्हतं. मी परत मागे नेऊन लावलं. आता सगळे तानपुराच ऐकत होते. बत्तिसाव्या मिनिटाला खरंच पहिली, पंचमाची तार थोडी ढिली पडली, जेमतेम केसभर, आणि पुढच्या दोन छेडण्यांत परत जागेवर आली. उजवा हात थांबला नव्हता. डावा हात वर जाऊन खुंटी पिळून आला होता. बाईंचा सूर तिथे क्षणभर अडखळला आणि मग निश्चिंत होऊन वर गेला. भैयाजींनी ते तेवढंच चार वेळा लावायला सांगितलं. मी पडलो वादकांच्या पंगतीत पोहे खाणारा माणूस, पण चौथ्या वेळी मलाही ते ऐकू आलं.

"चलते गाने में मिला लिया," भैयाजी शेवटी म्हणाले. "और मैं बगल में बैठा था, मुझे पता नहीं चला. उनको पता चला होगा, दाद बाद में दी." त्यांनी लिंबाची फोड उचलली आणि बशीच्या अगदी कडेला आणून ठेवली. "वो वाह आपकी थी, दादा. मेरे तबले में उस दिन ऐसा कुछ था भी नहीं."

मामांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "तुमचा ठेका पक्का होता म्हणून तर मला हात वर न्यायला फुरसत मिळाली." मामींनी आतून जिलबी गरम करून आणली, आणि ती सगळ्यांनी खाल्ली.

तेव्हापासून हा किस्सा मामा सांगत नाहीत, भैयाजी सांगतात. नवा कोणी आला की बशी, वाटी आणि फोड मांडून सांगतात, आणि मान आता पूर्ण नव्वद डिग्री वळते. मामा मधूनच "एवढी नव्हती हो वळली," असं म्हणतात, पण ते कोणी ऐकत नाही.

माझी मुलगी गाणं शिकते. तिला मराठी समजते सगळी, बोलताना दर दोन शब्दांनी हिंदीत शिरते. तिने ती पंचेचाळीस मिनिटं माझ्याकडून मागून घेतली, कॉम्प्युटरवर टेपचं धावणं कमी करून सूर काळी चारला आणला, दूरचं गाणं आणि तबला आणखी दाबला, आणि मोबाईलमधला तयार तानपुरा काढून टाकला. "वो वाला मशीन जैसा है पप्पा, यह वाला साँस लेता है," म्हणाली. आता रोज सकाळी ती त्याच तानपुऱ्यावर रियाज करते. वडिलांकडून राहून गेलेले आभार माझ्याकडूनही अजून मानून झालेले नाहीत. मला वडिलांसारखं भाषण जमत नाही, म्हणून हे लिहून काढलं.

मामा आठवड्यातून दोनदा तरी सकाळी आमच्याकडे येतात. मुलगी गात असते, ते तिच्या मागे उजव्या बाजूला बसतात, मांडी घालून, हात मोकळे ठेवून. पंचम उतरतो ती जागा आली की त्यांचा डावा हात आपोआप वर जातो आणि जिथे खुंटी नाही तिथे ती थोडीशी पिळतो. मुलगी मागे वळून बघत नाही. मागे मामा आहेत एवढं तिला ठाऊक असतं, आणि ती निर्धास्तपणे वरचा षड्ज लावते.