सहलीला न गेलेली सदस्य

रिटायर होऊन इतकी वर्षं झाली, तरी ती घटना काल घडल्यासारखी आठवते. नव्वदचं दशक संपत आलं होतं. नाशिकजवळच्या एका ठाण्यात मी फौजदार होते.

सकाळची हजेरी चालू असताना एक फुलशेती करणारा गृहस्थ धापा टाकत आला. "बाईसाहेब, माझी बायको पळवली!"

बायको ग्रामपंचायत सदस्य, राखीव जागेवर निवडून आलेली. तेव्हा सरपंचाला गाव निवडत नसे, सदस्य निवडत. अकरा सदस्य, पाच इकडे, पाच तिकडे आणि मधे ही बाई. निवड दुसऱ्या दिवशी. अशा वेळी दोन्ही गट आपापल्या सदस्यांना 'सहलीला' न्यायचे, म्हणजे निवडीपर्यंत कुणाच्या हाती लागू द्यायचे नाहीत. मीही धरून चालले, नवऱ्याच्या विरोधातल्या गटानंच उचललं. चुकले. त्यांच्या जीपवाल्याला दोन तास बसवून ठेवलं. बिचारा शपथा घेत राहिला.

मग नवऱ्याला पुन्हा समोर घेतलं. चहा पाजला. दरडावलं की माणूस उत्तरं देतो, चहा दिला की बोलतो.

"घरातून काय काय गेलं हो?"

"काय नाय. पेटीतला निवडून आल्याचा दाखला, तेवढाच."

"पळवणारे दाखला घेऊन जातात होय?"

गड्यानं कप खाली ठेवला. हळूच म्हणाला, "मी आमच्या गटाला शब्द दिलता. गाडीबी येणार व्हती तिला न्यायला."

दुपारी पंचवटीच्या बाजारातून ओळखीच्या भाजीवालीनं निरोप धाडला. फुलांच्या गाळ्यावर एक नवी बाई हार करते, अन् पोलीस दिसला की तोंड फिरवते. गेले. तीच होती, गाळा तिच्या मावसबहिणीचा.

"घरी चला, नवरा रडतोय," मी म्हटलं.

"रडू द्या. माझं मत परस्पर देऊन बसला, मला इचारलं का? बाई, उद्या मला तिथवर पोचवा. पण त्यांच्या गाडीत नाय बसायची मी."

स्वखुशीनं गेल्याचा जबाब घेतला, अपहरण तिथंच संपलं. दुसऱ्या दिवशी बंदोबस्तात तिला नेलं. हात वर करायची वेळ आली तशी ती उठली. "हात नाय. चिठ्ठी टाकायची." एका सदस्यानं मागणी केली तरी गुप्त मतदान घ्यावं लागे. दारातून नवरा ओरडला, "खाली बस की गं!" ती बसली नाही.

पुढे काही वर्षं नगरपालिकांत नगराध्यक्ष थेट लोक निवडत होते. तिथंही बंदोबस्त केला. अख्खं शहर सहलीला कोण नेणार? तो प्रकार थांबला. पण अध्यक्ष एकाचा, सभागृह दुसऱ्याचं, अशी कामं अडलेलीही पाहिली. निर्दोष पद्धत मला तरी दिसली नाही. एवढं मात्र कळलं, की माणूस कसा वागेल हे त्याला मत कसं द्यायला लावता यावरही ठरतं.

कारण त्या दिवशी सगळे सहा-पाच धरून बसले होते. चिठ्ठ्या मोजल्या, निकाल लागला सात-चार. सहलीहून आलेल्यांतही कुणीतरी चिठ्ठीचीच वाट पाहत होतं.