थडग्यापुढे बोललेला नवस

“अगं, उचल तिला आधी, ते थडगं आहे,” काकू म्हणाल्या, अन् मी पोरीला झटकन उचलून छातीशी धरलं. पोरीला मी त्या दगडाच्या बाईपुढे पालथी घातली होती, देवाच्या पायावर घालतात तशी. नवस बोलूनही झाला होता.

इथं अमेरिकेत, डॅलसजवळच्या अर्विंग गावच्या लायब्ररीत आमचा इंग्रजीचा क्लास असतो. मी बारावी नापास, परदेशात येऊन परत वर्गात बसलेली. लेक अडीच वर्षांची, तिला ठेवायला कोणी नाही म्हणून कडेवर घेऊनच जाते. क्लासमधल्या या काकू पुण्याच्या, मला अडलं की सांगतात. त्या दिवशी शिकवणाऱ्या बाईंनी सगळा वर्ग डॅलसच्या म्युझियमला नेला. पार जुन्या रोमन गावाचे अवशेष तिथं आणून मांडलेत, मोडके खांब, अर्धी भिंत, एक चौकट, जिच्या मागं घरच नाही. बाई पुढं सांगत होत्या, मला निम्मं कळत नव्हतं. कोपऱ्यात दगडात कोरलेली बाई दिसली, डोक्यावरून पदर, मांडीवर मूल. मला वाटलं, देवीच. अन् माझी पोर तोवर एक शब्द बोलली नव्हती हो. मी चपला काढल्या, तिला खाली घातली अन् म्हटलं, हिला वाचा दे, मी हिला परत आणून तुझ्या पायावर घालीन.

मग बाईंनी दगडाशेजारची इंग्रजी पाटी वाचली, काकूंनी मला मराठीत सांगितलं. ती नुसती एक आई होती. मांडीवर तिची गेलेली मुलगी. वय अडीच वर्षं.

घरी सांगितलं तर हे हसले. म्हणाले, “त्या रोमन बाईला मराठी कुठं येतं?”

चौथ्या दिवशी सकाळी मी पोळ्या लाटत होते. पोर बूट हातात घेऊन दाराशी उभी, माझ्याकडं बघून म्हणाली, “चल.” एकदम स्पष्ट. मला आनंद व्हायला हवा होता ना, मी धावत जाऊन दार लॉक केलं.

आता पाणी म्हणते, बाबा म्हणते. ह्यांनी कामावर, रेस्टॉरंटच्या किचनमध्ये सगळ्यांना पेढे वाटले. पण कधीकधी भिंतीकडं तोंड करून हळूच काहीतरी बोलत बसते, मी जवळ गेले की गप्प. काकू म्हणतात, नवस देवाला असतो, मेलेल्याला नाही, सोडून दे. पण ऐकलं तर तिनंच ना? दुसरं कोण होतं तिथं?

फेडला नाही अन् तिनं दिलेली वाचा परत नेली तर? अन् फेडायचा म्हणजे, जिची अडीच वर्षांची गेली, तिच्यापुढं मी माझी अडीच वर्षांची नेऊन ठेवायची? काल म्युझियमच्या पायऱ्यांपर्यंत गेले होते. पोर माझा हात सोडवून भराभर वर चढायला लागली, वाट पाठ असल्यासारखी. मी तिला तशीच उचलली, रडत होती तरी घरी आणली. काल दुपारपासून ती एक शब्द बोललेली नाही.

तुम्ही माझ्या जागी असता, तर काय केलं असतं?