लवादाचं जेवण

उस्मानपुऱ्यातलं मोटार रिवाइंडिंगचं दुकान पप्पा आणि काका मिळून चालवायचे. वाटणीवरून बिनसलं तेव्हा दोघांनी सह्या करून आत्याच्या यजमानांना लवाद नेमलं. आम्ही त्यांना मामा म्हणतो. बैठक आमच्याच घरी झाली. दुकान पप्पांना आणि वैजापूरचा प्लॉट काकांना, असा निवाडा मामांनी दिला. मग सगळे जेवायला बसले. आमच्याकडून कुणी न जेवता उठत नाही. मीच वाढत होते. वांग्याची भाजी काकांनी दोनदा मागून घेतली.

पुढे काकांनी निवाडा रद्द करण्यासाठी कोर्टात अर्ज केला. कागद इंग्रजीत होते, म्हणून वाचून सांगायचं काम माझ्याकडे आलं. लवादाने एका पक्षाचा पाहुणचार घेतला, सबब तो निष्पक्ष नव्हता, असं त्यात होतं. ऐकून पप्पा म्हणाले,

"पाहुणचार कशाचा? घरचाच माणूस हाय तो."

तेव्हापासून मामांनी आमच्याकडे जेवणं सोडलं. काकांकडेही. आत्या एकटीच यायची.

बैठकीच्या वेळी काकांनी हरकत घेतली नाही, आता घेता येणार नाही, म्हणून तो अर्ज फेटाळला गेला. काका हायकोर्टातही हरले. मग काकांच्या मुलाच्या नावाने नवा दावा आला. त्यातही तेच जेवण. मी वाचत असताना मला काकांनी पुढे केलेली वाटी दिसायची.

यंदा तो दावाही फेटाळला गेला. मिटलेला वाद पुन्हा उकरणं हा न्यायप्रक्रियेचा गैरवापर आहे, असं आदेशात आहे. पप्पांनी मामांना जेवायला बोलावलं. आईने वांगी केली. मामा आले, पण चप्पल न काढता दारातच थांबले. मी पाणी पुढे केलं.

"नको बाई. अजून अपील करतील ते."

"आता काय लिहायचं राह्यलंय, दाजी?" पप्पा म्हणाले.

"पाणी पिलो म्हणून लिहितील."

कुणी हसलं नाही. मग मामांनी मला हळूच विचारलं, "मी बरोबर वागलो, असं लिहिलंय का त्यात कुठं?"

आदेश मी दोनदा वाचला होता. वाद पुन्हा काढता येणार नाही, एवढंच त्यात होतं.

"नाही, मामा."

त्यांनी मान हलवली आणि जिना उतरून गेले. खिडकीतून मी पाहिलं, समोरच्या चहाच्या टपरीवर ते पाणी मागून पीत होते.